गाऱ्हाणं

बा देवा वेतोबा म्हाराजा, ऐक.

गाऱ्हाणं घालायची माझी ही पहिलीच वेळ. आमच्याकडे बाईनं गाऱ्हाणं घातलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. देवळात नारळ हातात घेऊन मानकरी पुढे उभा राहायचा, खणखणीत आवाजात तुला हाक मारायचा, दारात कोण आलंय ते सांगायचा, मग काय चुकलंय ते, मग काय हवंय ते. आणि त्याचं वाक्य खाली पडायच्या आत मागची सगळी माणसं एका दमात म्हणायची, 'व्हय म्हाराजा!' मी खांबाआडून ऐकायची. शब्द विसरले. क्रम तेवढा राहिला. आधी हाक, मग ओळख, मग चूक, मग मागणं.

हाक मारली. आता ओळख.

मी सावंतवाडीची, आजोळ तुझ्या आरवलीचं. चित्रं काढते आणि लिहिते. दोन्ही थोडं थोडं येतं, आणि एक अडलं की दुसऱ्यात जाऊन लपते. सत्तरीला दोन वर्षं कमी आहेत. ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहते. उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून कापतो. आत्ता रात्रीचे अडीच वाजलेत, आणि या वेळी तू जागा असतोस हे मला आजीनं सांगून ठेवलंय.

जागा राहा, देवा. थोडा वेळ.

आजी मला मे महिन्याच्या सुट्टीत तुझ्या देवळात आणायची. केळ्यांचा घड मामाच्या खांद्यावर, माझ्या हातात अबोलीचा वळेसर. पण मला घडाचं नाही, तुझ्या चपलांचं अप्रूप. केवढ्या त्या! माझी दोन्ही पावलं एकीत ठेवली असती तरी पुढे जागा उरली असती. जाड चामड्याच्या, नवस फेडायला आणलेल्या, ओळीनं ठेवलेल्या. नव्यांना चामड्याचा वास यायचा आणि जुन्यांचे तळवे झिजलेले असायचे. मी आजीला विचारलं, देव तर इथंच उभा आहे, मग चपला झिजतात कशा? ती म्हणाली, "रातभर फिरता तो गो. गावाची राखण कोण करतलो? देवाक काय घराक बसून चालता?"

मुलाखतीत विचारतात, तुम्हाला प्रवासाची ओढ कशी लागली? मी मोठमोठ्या चित्रकारांची नावं घेते. ती सगळी नंतरची. खरं कारण तुझ्या झिजलेल्या तळव्यांत आहे. चालणारा देव जिनं पाचव्या वर्षी पाहिला तिला पुढे कुठल्याच घरात स्वस्थ बसवलं नाही. त्याबद्दल माझ्या माणसांनी पुष्कळ सोसलं. मी तुझे उपकार मानते, आणि त्यांची क्षमा मागते. दोन्ही एकाच श्वासात म्हणते आहे, कारण दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहे.

तेव्हा तू लाकडाचा होतास. फणसाच्या. म्हणून आरवलीत फणसाचं लाकूड कुणी घराच्या कामाला घेत नाही, असं आजी सांगायची. १९९६ साली तुझी पंचधातूची मूर्ती आली. मी पाहिली, हात जोडले, पण खरं सांगते, मला तो लाकडाचाच तू आठवत राहतोस. तुला घडवताना त्या सुताराच्या पायाशी ढलप्या पडल्या असतील. त्यांचं त्यानं काय केलं असेल? चुलीत तर घातल्या नसतील. गोळा करून कुठल्या विहिरीत सोडल्या? की घरी नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवल्या? इतकी वर्षं मी हे मनात घोळवते आहे. त्या सुताराचं नाव कुणाला ठाऊक नाही. तुला असेल.

आता चूक सांगायला हवी.

सांगते. पण आधी गावाचं थोडं बोलू दे. मोती तलाव न ओलांडता मला चितार आळीत शिरता येत नाही.

पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला की राजवाडा त्यात उलटा उभा राहायचा आणि आम्ही शाळेतून येताना खडे मारून तो मोडायचो. मागे नरेंद्र डोंगर, निम्म्याहून वर ढगात. उभ्या बाजारात उकड्या तांदळाच्या पोत्यांचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. आणि चितार आळीत लाखेचा. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, आंबे, सीताफळं, मिरच्या पडवीत रंगून वाळत पडलेल्या. फुलं येतात तेव्हा पांगारा लालभडक पेटतो आणि कापला की आत नुसता पांढरा, मऊ. मला वाटायचं, झाडाचा बाहेरचा रंग हे लोक काढून घेतात आणि पुन्हा फळांना लावतात. देवा, ती आळी माझी पहिली शाळा. छडी नाही, हजेरी नाही. तिच्याबद्दल तुझे पाय धरते.

त्या आळीत एक काका होते. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. का ते पुढे येईल. त्या काळी गंजिफाचे गोल पत्ते करणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले होते. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी स्वतः ती कला शिकून घेतली, कारागिरांना राजवाड्यात काम दिलं, म्हणून ती जगली. आजही दरबार हॉलमध्ये माणसं खाली बसून पत्ते रंगवताना दिसतात. काका मात्र आपल्याच पडवीत बसायचे. त्यांच्याकडे माझं काम चिंचोक्यांचं. भिजत घातलेल्या चिंचोक्यांची सालं काढायची, मग ते वाटायचे, मग शिजवून त्यांची खळ करायची. त्या खळीनं थरावर थर चिकटवायचे, वाळले की गोल कापायचे, वर पांढरा हात द्यायचा, आणि दगडानं घोटत बसायचं. घोटून घोटून पत्ता इतका गुळगुळीत व्हायचा की बोटाला तो लागतो आहे की नाही तेच कळू नये. सगळ्यात शेवटी कडेची गोल रेघ. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. मी पहिल्यांदा ओढली तेव्हा हात फिरवला, आणि रेघ ओहोटीच्या लाटेसारखी वेडीवाकडी गेली. काकांनी माझं मनगट धरून पाटावर टेकवलं. डाव्या हातात पत्ता दिला. "हात हलवूचो नाय," म्हणाले. "पत्तो फिरवूचो."

हात हलवायचा नाही, पत्ता फिरवायचा. देवा, माझं सगळं शिक्षण एवढंच आहे. बाकीचं मी फीचे पैसे भरून घेतलं.

तो डाव तुझ्याच अवतारांचा. म्हणजे विष्णूचे, पण आजीच्या लेखी सगळे देव एकमेकांच्या घरचे. दशावतारी गंजिफाचे पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा: एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. खेळ दिवसा मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्यानं पहिली उतारी करायची. रात्री मांडला तर कृष्णाचा. आणि गंमत अशी की निम्म्या रंगांत दश्शी मोठी, मग नव्वी, मग अठ्ठी, असं उतरत एक्का तळाला. उरलेल्या निम्म्यांत हे सगळं उलटं. तिथं राजा आणि प्रधानाच्या खालोखाल मान एक्क्याचा, आणि दहा दहा खुणा अंगावर मिरवणारी दश्शी सगळ्यात खाली. मी पाच भावंडांत शेवटची. मला हा नियम ऐकून केवढा आनंद झाला होता!

माझा डाव त्या रंगात ठेव, देवा, जिथं एक्का मोठा असतो.

आणि तसा नसेल तर मला सांगू नकोस.

कार्तिक सरला की जत्रा सुरू व्हायच्या आणि दशावताराची मंडळी पेटारे घेऊन गावोगाव फिरायची. देवळापुढे रात्रभर दहीकाला. राजा होणारा माणूस स्वतःच आरशात बघून तोंड रंगवायचा. संवादाची वही नाही. कुठलं आख्यान ते संध्याकाळी ठरायचं आणि राजा, राणी, ऋषी, राक्षस सगळे ऐन वेळी बोलायचे. काय बोलायचे ते! मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धं ऐकायची, अर्धं झोपेत बघायची. पहाटे दहीहंडी फुटायची. उजाडल्यावर विहिरीवर गेलं की रात्रीचा राजा तिथं दात घासत असायचा, कानामागे रंग राहिलेला, डोळ्यांत काजळ तसंच. मग तोच पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरायचा. रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा, असं आमच्याकडे म्हणतातच. मी एक परिच्छेद लिहायला चार दिवस घेते, आणि तो माणूस उभ्या उभ्या रात्रभर बोलून सकाळी सगळं वाऱ्यावर सोडून जायचा. मला त्याचा हेवा वाटतो. लेखक-लेखिकांना बक्षीस देताना शाल घालतात; त्याऐवजी एकदा डोक्यावर पेटारा ठेवून आठ मैल चालवावं, असं माझं मत आहे.

हसलास का? हस. मग मला पुढचं बोलायला धीर येईल.

चूक सांगायची आहे. सांगणारच आहे.

१९७६ साली मी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला आले. १८५७ सालची ती शाळा, काळ्या दगडाच्या मुंबईतली एवढी झाडांखालची जागा. दुसऱ्या वर्षी आम्हाला अजिंठ्याला नेलं. पहिल्या लेण्यात पद्मपाणी. अंधारात डोळे सरावले आणि तो हळूहळू भिंतीतून वर आला. सगळे कागदपेन्सिल काढून बसले. मी नाही काढली. मला भीती वाटली. इतकी मायेनं खाली झुकलेली मान मी याआधी एकदाच पाहिली होती, आजी भाताच्या रोपात वाकायची तेव्हा.

तिथंच मास्तरांनी ती गोष्ट सांगितली. १८४४ साली रॉबर्ट गिल नावाचा फौजी चित्रकार त्या लेण्यांत आला आणि वर्षानुवर्षं नकला करत राहिला. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळल्या. मग १८७२ पासून आमच्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स मुलांना घेऊन गेले. तेरा वर्षं, हंगामामागून हंगाम, वटवाघळांच्या वासात, आरशानं आत ऊन वळवून, आमच्यासारखीच पोरं तिथं बसली. कॅनव्हास लंडनला पोचले. १८८५ साली तिथंही आग लागली आणि त्यातल्याही पुष्कळशा गेल्या. पेस्तनजी बमनजींसारखी एकदोन नावं पुढे राहिली. बाकीच्या मुलांचं काय? घरी परत गेली असतील. लग्नं झाली असतील. कुणी दुकानाच्या पाट्या रंगवल्या असतील. आपण काढलेला तो डोळा, ती बोटं, ती कमरेची वळणं साता समुद्रापलीकडे राख झाली, हे त्यांना कुणी पत्रानं तरी कळवलं असेल का?

त्यांचं जळलेलं काम तुझ्यापाशी आहे ना, देवा? असू दे. नीट ठेव.

मी चालत राहिले. तू फिरवलंस तिथं फिरले. हंपीच्या उन्हात फिरले, वाराणसीच्या बोळांतून फिरले, बर्फाच्या देशांत उसन्या कोटात फिरले. कुठं भाषा कळली नाही, कुठं पैसे संपले, एकदा तापानं फणफणले असताना स्टेशनवरच्या एका हमालानं आपल्या घरी नेऊन पेज पाजली. त्याच्यासाठी तुला वेगळा नमस्कार. पण पोटात ठेवावं असं गाव एकच मिळालं, ओडिशातलं रघुराजपूर. पुरीजवळ. घराघराच्या भिंती चितारलेल्या, ओट्यावर माणसं पट रंगवत बसलेली. एका ओट्याशी गेले आणि वासानंच थांबले. मडक्यात चिंचोक्यांची खळ! कोपऱ्यात कवठाचा डिंक. आणि फडक्यात बांधलेले गोल पत्ते, आमच्यासारखेच. ते गंजपा म्हणतात. तिथल्या म्हातारबाबांना माझी हिंदी कळेना, मला त्यांची उडिया. मी खाली बसले आणि त्यांच्या टोपलीतले चिंचोके सोलायला घेतले. त्यांनी माझ्या नखांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

त्यांच्या नातवानं सांगितलं की ज्येष्ठ पौर्णिमेला जगन्नाथाला १०८ घागरींनी न्हाऊ घालतात. मग देवाला ताप येतो. पंधरा दिवस तो आजारी, बलभद्र आजारी, सुभद्रा आजारी. कुणाला दर्शन नाही. त्या दिवसांत मूर्तींच्या जागी चितारांनी रंगवलेल्या पटांची पूजा होते. हे ऐकून मी रडले, देवा. देवळात नाही रडले, त्या ओट्यावर रडले. तुम्ही देव लोक आजारी पडता, आणि तुमच्या जागी एक रंगवलेलं कापड उभं राहतं, आणि माणसं त्यालाच हात जोडतात! त्या कापडावर सही नसते. कोण करील? देवाच्या वतीनं उभं राहायचं म्हटल्यावर कोपऱ्यात कोणाचं नाव घालणार?

सही. हं. आले बघ चुकीवर.

१९९३ साली मुंबईत माझं पहिलं मोठं प्रदर्शन झालं. दहा अवतार, दहा गोल चित्रं, प्रत्येक तीन फुटांचं. नऊ जमली. कूर्म जमेना. मंदार पर्वत काढला, समुद्र काढला, देव-दानव काढले, सगळं फाडलं. चार महिने. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं तेव्हा मी ट्रंक उघडली. तळाशी एक ट्रेसिंगचा कागद होता, जे. जे.ला निघताना काकांनी मला दिलेला. त्यावर त्यांनी स्वतःच्या मनानं काढलेला कूर्म. पर्वत नाही, समुद्र नाही, चार हात नाहीत. मान आत ओढून घेतलेलं कासव, आणि कवचाच्या सावलीत दोन डोळे. एवढंच. कुठल्याही जुन्या पत्त्यात तसा कूर्म नव्हता. तो त्यांचा होता.

मी तो मोठा केला. रंगवला. खाली उजव्या कोपऱ्यात सही केली.

दहांतलं पहिलं तेच विकलं गेलं. एका समीक्षकानं लिहिलं की कमीत कमी रेषांत एवढं सांगण्याचा माझा संयम थक्क करणारा आहे. देवा, ते कात्रण मीच पाकिटात घालून काकांना पाठवलं. का पाठवलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी ओळखू नये अशी आशा होती की ओळखावं अशी होती? त्या वर्षी चतुर्थीला गेले. त्यांनी चहा दिला, मूठभर काजू पुढे ठेवले. कात्रण भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं होतं. त्याच्याकडे बघत म्हणाले, "रेघ बरी इली हा."

दुसरं काही नाही. रेघ बरी आली आहे. मी काजू खाल्ले.

त्यानंतर ते अकरा वर्षं होते. अकरा चतुर्थ्या. दर वेळी मोती तलावाच्या कठड्याशी वाक्यं जुळवत उभी राहायची आणि दर वेळी आळीत शिरल्यावर दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायची: पाऊस, मुंबईतल्या जागांचे भाव, त्यांच्या मुलाचं लग्न. ते कासव पुढे माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलं. शुभेच्छापत्रांवर आलं. या घराच्या पहिल्या हप्त्यात त्या कासवाचे पैसे आहेत. मी ज्या छपराखाली बसून हे लिहिते आहे त्याचा एक कोपरा त्यांचा आहे.

मग एक दिवस काका गेल्याचा फोन आला. मी तेव्हा परदेशात होते, एका शिबिरात, परंपरागत कला या विषयावर बोलत होते. हे तुला वेगळं सांगायला नकोच.

पुढे पन्नाशी उलटल्यावर लंडनला गेले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. आगीतून वाचलेल्या अजिंठ्याच्या नकला त्याच संग्रहालयाकडे आहेत. तिथं गंजिफाचे पत्तेही आहेत. काचेपलीकडे गोल गोल पत्ते ओळीनं मांडलेले, कडेची रेघ अशी की श्वास अडकावा. मनगट पाटावर टेकवून पत्ता फिरवणारा कुणीतरी माणूस मला स्पष्ट दिसला. आणि मला माझी सही आठवली, इंग्रजीतली, वळणदार, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. रखवालदारानं येऊन विचारलं, बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे.

बरं नाही, देवा. तेव्हाही नव्हतं.

आणखी एक आहे, तेही याच पदरात घे. आजीवर मी लिहिलं. तिच्या तरुणपणाचं, तिनं मला काळोखात कुजबुजून सांगितलेलं. तिला विचारलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, हाच माझा बचाव. लोकांनी त्या लेखाचं फार कौतुक केलं.

मी वाईट नाही, असं म्हणायला आले नाही. मी फार वाईट आहे असंही म्हणत नाही. त्यातही एक मोठेपणा असतो आणि तो मला परवडणार नाही. मी लहान आहे. दुसऱ्याच्या ओंजळीतलं पाणी प्यायले आणि ओंजळ माझी म्हणाले. माझं म्हणावं असं माझ्यापाशी काय आहे? रेघ काकांची, शब्द आजीचे, पाय तुझ्या चपलांकडे बघून शिकलेले, रंग पांगाऱ्याचा. मी फक्त कागदावर बसून होते.

आता मागणं.

हाताचं मागत नाही असं म्हणणार होते. पण तुझ्याशी खोटं का बोलू? हात मागते. डॉक्टर म्हणतात वयाचा आहे, गोळ्या देतात, गोळ्यांनी झोप येते. परवा एक पत्ता घेतला, मनगट टेकवलं, कुंचला धरला. कुंचला आपोआप नाचायला लागला. काकांचं वाक्य मला आता उलटं करून हवंय. माझा हात हलणारच. तू पत्ता धर. घट्ट धर, मी हलीन तसा हलू नकोस. एक रेघ. पूर्ण गोल. एकच पत्ता पुरे, १२० नकोत.

डोळे आहेत तोवर पांगारा दाखव.

आजीच्या कानावर घाल की मी लाजले.

ज्या पोरांचं काम जळलं त्यांच्या शेजारी मला जागा दे, अगदी मागच्या रांगेत.

दिवसा रामानं उतारी केली, मी खेळले. आता रात्र झाली आहे. आता कृष्णाला पहिलं पान टाकू दे. पानं त्यालाच चांगली कळतात. माझ्या हातात काय उरलंय ते त्यानं पाहिलेलं आहे.

आणि हे शेवटचं. उद्या मध्यरात्रीनंतरच्या तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. केशवसुतांच्या कवितेचं नाव आपल्याकडे आगगाडीला दिलंय, एवढं तरी कवीचं ऋण मानलं गेलं. सावंतवाडी रोडला उतरेन, रिक्षा करेन, तलावाच्या कठड्याशी थांबणार नाही. चितार आळीत काकांचा मुलगा बसतो, लाकडी फळांचं दुकान आहे. ट्रेसिंगचा कागद पिशवीत घातला आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, चुरगळू नये म्हणून. तो त्याच्या हातात द्यायचा आहे. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. त्यात त्या चित्राखाली त्याच्या वडिलांचं नाव छापू का, असं विचारायचं आहे. म्हणून ते नाव इथं लिहिलं नाही. या खेपेला आधी विचारणार आहे. तो नको म्हणाला तर, ओरडला तर, हिशेब मागितला तर, ऐकून घ्यायचं बळ दे. आणि त्यानं चहा पुढे केला तर तो प्यायचंही.

मला त्या दारापर्यंत नेऊन सोड. पायरी मी चढेन. तुला रात्रीची सवय आहे, पण मी पोचेन तेव्हा दिवस असेल, तरी ये. नवी चपलांची जोडी मी आरवलीला आणून ठेवीन, कोल्हापूरहून नाही, आपल्याच बाजारातल्या चांभाराकडून, जाड तळव्याची.

गाऱ्हाणं घालून झालं, म्हाराजा. पण ते एकट्यानं पुरं होत नाही. मागून कुणीतरी म्हणावं लागतं, आणि या घरात आत्ता माझ्याशिवाय कुणी जागं नाही. वाचणाऱ्यांनो, तुम्ही कुठल्याही गावचे असा, कुठल्याही देवाचे असा, घडीभर माझ्या मागे उभे राहा आणि एकदा मोठ्यानं म्हणा.